जिथं मड गायब झालं तिथंच सिमेंट भरलं

गरम पाण्याच्या झऱ्याजवळ घेतलेल्या आमच्या बोअरमध्ये २०९ मीटर खोलीला ९२ अंश आणि ६०० मीटरला ७१. तापमानाचा हा ग्राफ महिनाभर डोळ्यासमोरून हलत नाहीये.

ड्रिलिंग संपलं की लगेच तापमान घेऊन उपयोग नसतो, मडनं, म्हणजे ड्रिलिंग करताना बोअरमधून फिरवत ठेवलेल्या पातळ चिखलानं, बोअर गार पडलेला असतो, काही दिवस तसाच सोडायचा आणि मग तापमान मोजायचा प्रोब अगदी सावकाश खाली न्यायचा. आकडा छान चढत होता आणि २०९ नंतर उतरायलाच लागला. मला वाटलं प्रोब बिघडला, वर काढून परत सोडला, तर तेच.

गरम पाण्याचा झरा म्हटलं की लोकांना खाली लाव्हा दिसतो. इथं तसलं काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खाली मुरतं, खडक दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी तापत जातो. झऱ्याच्या पाण्यात खडकातली सिलिका किती विरघळलीय त्यावरून हिशोब केला तर १४० अंश येतात, म्हणजे ते पाणी जवळपास ४ किलोमीटर खाली जाऊन आलंय. तापलं की हलकं होतं आणि फॉल्टमधल्या, म्हणजे जिथं खडक तुटून सरकलाय त्या पट्ट्यातल्या, फुटक्या खडकातून वर चढतं.

आमचा फॉल्ट ६० अंशांनी कललेला, बोअर तो जमिनीवर दिसतो तिथून त्याच्या उताराच्या बाजूला १२० मीटरवर, म्हणजे गाठ पडणार २०८ मीटर खोलीच्या आसपास. त्याच्या खाली पलीकडचा गार खडक. पण निर्णय घेणाऱ्यांना खोलीचा आकडाच आवडतो, जितकं खोल तितकं गरम!

त्या रात्री शिफ्ट माझीच होती. २०७ च्या पुढं मड परत यायचं थांबलं, टाकीतली पातळी बघता बघता तळाला गेली. कोअर, म्हणजे खडकाचा गोल कापलेला नमुना, वर आला तो करडा, बोटानं दाबला तर ठसा उमटेल इतका मऊ, त्यात कॅल्साइट या खनिजाच्या पांढऱ्या शिरा आणि एका शिरेत मधोमध पोकळी, आत टोकदार स्फटिक. पाण्याला वाट मोकळी असेल तिथंच असे स्फटिक वाढतात, हे मला शिकवायला कुणी नको होतं. तरी मी लॉगबुकात 'पूर्ण मड लॉस' एवढंच लिहिलं, ड्रिलरनं दोनदा सिमेंट भरून ती वाट बुजवली आणि मी सही केली. त्याची चूक नाही, त्याला बोअर खाली न्यायलाच सांगितलेलं, थांबवायचं काम माझं होतं.

आता १२० ऐवजी ४०० मीटर अंतरावर नवा बोअर घ्या, फॉल्ट ६९० मीटर खोलीच्या आसपास लागेल, असं लिहून दिलंय. सोबत एक अट घातलीय, मड गायब झालं की मशीन बंद करायचं आणि रात्रीचे कितीही वाजले असले तरी मला उठवायचं.