अंतराळस्थानकातला उजेड : सहा आठवड्यांची कामनोंद

पहिला आठवडा

मागच्या नोंदीत माझ्या गेममधल्या अंतराळस्थानकाच्या ब्लॉकआउटपाशी, म्हणजे साध्या ठोकळ्यांच्या कच्च्या मांडणीपाशी, थांबले होते. चौदा मीटरचा एक कॉरिडॉर, त्याच्या डाव्या अंगाला वनस्पतींचा कक्ष, उजवीकडे झोपायच्या कप्प्यांची रांग आणि शेवटच्या टोकाला पृथ्वीकडे तोंड करून असलेला खिडक्यांचा घुमट. गेमचं इंजिन अनरियल ५, उजेडाचं गणित त्यातल्या ल्युमेन या प्रणालीकडे. खेळाडू या स्थानकात एकटाच फिरतो, त्याच्याशी बोलायला कोणी नाही. इथे माणसं राहत होती हे त्याला जागेनेच सांगायचं आहे, आणि त्यातला मोठा वाटा उजेडाचा.

पहिला प्रयत्न तुमच्यापैकी अनेकांनी कधी ना कधी केला असेल तसाच होता. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे निळ्या एमिसिव्ह (स्वतः चमकणाऱ्या) पट्ट्या, जमिनीलगत नारिंगी पट्ट्या आणि वरून भरपूर ब्लूम, म्हणजे दिव्याभोवतीचं तेजोवलय. स्क्रीनशॉट छान आला. मग कंट्रोलर हातात घेऊन पाच मिनिटं त्या कॉरिडॉरमधून चालले आणि मनात काहीच उरलं नाही. कुठेही उभं राहा, सगळीकडे सारखंच. माणसं कुठे काम करत होती, कुठे झोपत होती, कुठलं दार महत्त्वाचं, यातलं काहीही त्या उजेडातून कळत नव्हतं. रात्री सगळे दिवे काढून टाकले आणि वहीत एक प्रश्न लिहिला: हा दिवा इथे कुणी बसवला आणि कशासाठी? ज्या दिव्याकडे याचं उत्तर नाही, तो सीनमध्ये येणार नाही.

उत्तरं शोधायला सर्वांत जवळचं खरं उदाहरण म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. ते साधारण ९० मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, त्यामुळे तिथल्या लोकांना दिवसाला सोळा सूर्योदय दिसतात. शरीराच्या घड्याळाने कशावर विसंबायचं? म्हणून २०१६ पासून तिथले जुने फ्लुओरोसंट दिवे काढून एलईडी बसवायला सुरुवात झाली. या दिव्यांच्या तीन अवस्था आहेत. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा; लक्स म्हणजे पृष्ठभागावर किती उजेड पडतो त्याचं. रोजच्या कामासाठी ४५०० केल्विन आणि सुमारे २१० लक्स. झोपेची वेळ पुढेमागे सरकवायची असेल किंवा तरतरीत राहायचं असेल तेव्हा ६५०० केल्विन आणि ४२० लक्स. झोपेच्या आधी २७०० केल्विन आणि ९० लक्स.

हे आकडे हाती आले आणि माझ्या कॉरिडॉरला घड्याळ मिळालं. किती वाजले हे सांगणारी एकही पाटी आता मला लावावी लागणार नाही. माणसं निघून गेली आहेत, पण दिवे अजून त्यांच्या झोपेची वेळ पाळताहेत. खेळाडूला हे जेव्हा लक्षात येईल तो क्षण मला हवा आहे.

दुसरा आठवडा

दिवे बसवले, तिन्ही अवस्था एका बटणावर घेतल्या, बटण दाबलं, आणि फरक जवळजवळ दिसेचना. ऑटो एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा आपोआप सावरणारी सोय, चालू ठेवण्याची चूक माझीच होती. ९० लक्सचा मंद उजेड मी मेहनतीने जमवायचा आणि दोन सेकंदांत चित्र पुन्हा पहिल्याइतकं उजळ व्हायचं.

इथे थोडं गणित उपयोगी पडलं. लक्सच्या आकड्याला २.५ ने भागायचं आणि येणारी संख्या २ चा कितवा घात आहे ते बघायचं, की एक्सपोजरचा ईव्ही १०० मिळतो, म्हणजे दृश्य किती उजळ आहे ते कॅमेऱ्याच्या भाषेत सांगणारा आकडा. २१० लक्ससाठी साधारण ६.४, ४२० साठी ७.४, ९० साठी ५.२. म्हणजे कामाच्या अवस्थेपासून तरतरीच्या अवस्थेपर्यंत नेमका एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), आणि झोपेच्या अवस्थेपर्यंत खाली सव्वा स्टॉप. मी पोस्ट प्रोसेस व्हॉल्यूममध्ये, म्हणजे ठरावीक जागेपुरत्या कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये, किमान ईव्ही ६ आणि कमाल ६.८ ठेवला. डोळा थोडासा जुळवून घेतो, पण सगळा फरक गिळत नाही. रात्र आता रात्र वाटते.

दुसरी अडचण रंगाची. मॉनिटरचा पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास असतो, त्यामुळे ४५०० चा साधा कामाचा उजेडसुद्धा पिवळट दिसत होता आणि २७०० तर पार शेंदरी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा कुठला उजेड पांढरा मानतो ते, ५००० वर नेला. आता कामाची अवस्था किंचित उबदार, तरतरीची स्वच्छ निळसर आणि झोपेची मधाच्या रंगाची. दिव्यांच्या आकड्यांना हातही लावावा लागला नाही. दिव्यांचे केल्विन खरे ठेवून कॅमेरा जुळवायचा, ही पद्धत मला फार आवडली, कारण पुढे नवा दिवा आणला की त्याच्या रंगाचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

एक सवय सगळ्यांना सुचवते. दर दोन मीटरवर १८ टक्के उजेड परतवणाऱ्या करड्या रंगाचा एक गोळा आणि एक क्रोमचा गोळा ठेवा. करडा गोळा उजेड कुठून आणि किती येतो ते दाखवतो, क्रोमचा गोळा खोलीत प्रत्यक्षात काय काय उजळतंय ते दाखवतो. टेक्स्चर लावलेल्या भिंतीकडे बघून असे निर्णय घेताना डोळा फसतो.

तिसरा आणि चौथा

या दोन आठवड्यांत मुख्य काम दिव्यांचं नव्हतं. काम झालं ते भिंतींचं, आणि सगळ्यांत मोठा फरक त्यानेच पडला.

कॉरिडॉर अंधारा वाटायचा. छतावरचे दिवे दुप्पट केले तरी दिव्याखाली पांढरे डाग आणि दोन दिव्यांच्या मध्ये काळोख. कारण मटेरियलमध्ये होतं. विज्ञानकथेतलं स्थानक म्हणून मी भिंती गडद धातूच्या केल्या होत्या, इंजिनमधलं मेटॅलिक हे मूल्य १. पण शुद्ध धातूला विसरित परावर्तन नसतंच. तो उजेड आरशासारखा एका दिशेने फेकतो, खोलीभर पसरवत नाही. खऱ्या यानातल्या भिंती तरी उघड्या धातूच्या कुठे असतात? त्यांवर रंग असतो, पॅनेल असतात, कापड असतं. रंग लावलेला धातू म्हणजे इंजिनच्या भाषेत मेटॅलिक ०.

मग बेस कलर, म्हणजे पृष्ठभागाचा मूळ रंग. ताज्या बर्फाची परावर्तनक्षमता ०.८१ च्या आसपास, नव्या काँक्रीटची ०.५१, कोळशाची ०.०२. माझ्या भिंती ०.१ वर होत्या. बंद खोलीत उजेड भिंतीवर आपटत राहतो. ०.१ च्या भिंतीवर पहिल्या धडकेनंतर दहावा हिस्सा उरतो, दुसरीनंतर शंभरावा, म्हणजे सगळं मिळून मूळ उजेडाच्या १.११ पट. ०.५ ची भिंत असेल तर अर्धा, पाव, अष्टमांश असं होत होत एकूण दुप्पट. ०.८ असेल तर पाचपट! तेच दिवे, तेवढाच उजेड, फक्त रंग ०.१ वरून ०.८ वर नेला की खोली साडेचार पट उजळ.

वरची पॅनेलं ०.६५ वर नेली, कंबरेखालचा भाग ०.३ च्या करड्यावर, जमीन ०.१२ वर. दिवे निम्मे कमी केले. कॉरिडॉर पहिल्यांदाच श्वास घेतोय असं वाटलं. जमीन गडद ठेवल्यामुळे पायाखालची दिशाही कळते.

खात्रीसाठी एक कॉर्नेल बॉक्सही बांधला. १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी रंगीत भिंतींची ही पेटी वापरून एका पृष्ठभागावरचा उजेड दुसऱ्यावर कसा जातो याचं गणित मांडलं. रंगीत भिंत शेजारच्या पांढऱ्या वस्तूला आपला रंग देते, ते तिथे नीट दिसतं. माझी सगळी मटेरियल त्या पेटीत एकेक करून लावून बघितली. दोन तासांचं काम, पण त्यानंतर कुठला रंग किती पसरतो याचा अंदाज बोटांत बसला.

ल्युमेनच्या बाबतीत दोन गोष्टी मी उशिरा केल्या. कॉरिडॉर एकाच मेशमध्ये, म्हणजे एकाच सलग त्रिमितीय आकारात, बनवला होता. ल्युमेन पृष्ठभागांची माहिती जिथे साठवतं त्या सरफेस कॅशचा व्ह्यू उघडला तर अर्ध्या भिंती गुलाबी, म्हणजे त्या भागाची नोंदच कॅशमध्ये नाही, मग तिथून बाउन्स, म्हणजे आपटून परतलेला उजेड, कुठला यायला? दोन-दोन मीटरचे सात तुकडे केले, प्रत्येक तुकड्यात भिंत, छत आणि जमीन वेगळी. गुलाबी गेला. आणि बाहेरच्या भिंती ४ सेंटिमीटरच्या होत्या, त्यामुळे कोपऱ्यांतून उन्हाच्या रेघा आत गळत होत्या. ल्युमेनसाठी भिंत १० सेंटिमीटरपेक्षा पातळ नसावी. मी १२ केली, गळती थांबली.

छतावरच्या पट्ट्या मात्र परत आल्या, आता उत्तर घेऊन: त्या कामाच्या उजेडाच्या दिव्यांची तोंडं आहेत. फक्त एमिसिव्हवर विसंबलं तर इतक्या अरुंद आणि इतक्या तेजस्वी पट्टीमुळे भिंतीवर नॉइझ, म्हणजे ठिपक्यांचा गोंधळ, सळसळतो. म्हणून प्रत्येक पट्टीखाली तेवढ्याच मापाचा रेक्ट लाइट (आयताकृती दिवा) ठेवला. उजेड तो देतो, पट्टी फक्त डोळ्याला दिसते. पट्टीच्या मेशवर अफेक्ट डायनॅमिक इनडायरेक्ट लायटिंग हा पर्याय बंद करायला विसरू नका, नाहीतर एकाच दिव्याचा उजेड दोनदा मोजला जातो.

पाचवा आठवडा

वनस्पतींचा कक्ष. या नोंदीतला माझा सर्वांत आवडता भाग.

आंतरराष्ट्रीय स्थानकावर २०१४ पासून भाजी उगवायचं छोटं यंत्र आहे, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तिथल्या अंतराळवीरांनी त्यातलं लेट्यूस पहिल्यांदा खाल्लं. त्यात लाल, निळे आणि हिरवे एलईडी आहेत. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं, म्हणून वाढीसाठी ते दोन मुख्य, आणि दोन्ही मिळून होतो तो गडद किरमिजी-जांभळा. म्हणजे पहिल्या आठवड्यात ज्या भडक रंगांना मी हाकललं, तसाच एक भडक रंग इथे पूर्ण हक्काने आला.

आधी तो फिक्का गुलाबी दिसायचा. मी तीव्रता वाढवत गेले तसा आणखी पांढरा. अनरियलचा फिल्मिक टोनमॅपर, म्हणजे उजेडाचे आकडे पडद्यावरच्या रंगांत बसवणारा टप्पा, फार तेजस्वी रंगाला पांढऱ्याकडे नेतो, आणि ते बरोबरच आहे. सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) न वाढवता तीव्रता एक तृतीयांशावर आणली, रंग परत आला.

मग लक्षात आलं की पानं हिरवी दिसतच नाहीत. दिसणार कशी? लाल-निळ्या उजेडात परतवायला हिरवा जवळपास नाहीच. ती काळपट जांभळी दिसतात. आधी हे दुरुस्त करायला निघाले होते, मग थांबले. आता कक्षात शिरल्यावर खेळाडूला नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात, काय आहे ते कळत नाही. ट्रेच्या वर एक छोटा कामाचा दिवा आहे, ४५०० केल्विनचा. झाडांची तपासणी करणाऱ्याला पानांचा खरा रंग बघावा लागतो, म्हणून तो तिथे बसवलेला. खेळाडू तो लावतो आणि सगळी पानं एका क्षणात हिरवी होतात. एकही शब्द नाही, आवाज नाही. ही जागा जिवंत आहे हे त्या हिरव्यावरून कळतं. मी हा दिवा किमान पन्नास वेळा चालू-बंद केला असेल.

व्हॉल्यूमेट्रिक फॉग, म्हणजे उजेडाचे झोत दाखवणारं धुकं, तेही इथेच आणि फक्त इथेच. बाकी स्थानकातली हवा गाळलेली आहे, तिथे उजेडाचे झोत दिसायचं कारण नाही. इथे झाडांमुळे दमटपणा आहे, म्हणून दाराशी पातळ धूसरपणा. दारावरच्या फिरत्या इशारादिव्याची मात्र फॉगमध्ये शेपूट राहत होती, कारण फॉगचं गणित आधीच्या फ्रेम वापरतं. त्या दिव्याची व्हॉल्यूमेट्रिक स्कॅटरिंग इन्टेन्सिटी शून्य केली, म्हणजे तो धुक्याला उजळत नाही.

सहावा आठवडा

घुमट. इथे खालून उजेड येतो, आणि हे मला आधी सुचलंच नव्हतं. खिडक्या पृथ्वीकडे आहेत, त्यामुळे दिवसाच्या बाजूला ढगांवरून आणि समुद्रावरून परतलेला मऊ निळसर उजेड जमिनीकडून छताकडे जातो. ऊन आलं तर त्याची कड धारदार, कारण हवा नाही आणि सूर्यबिंब जेमतेम अर्ध्या अंशाचं. खऱ्या उन्हाची तीव्रता आतल्या दिव्यांपेक्षा नऊ स्टॉपने जास्त भरते. ती जशीच्या तशी ठेवली तर सगळं पांढरंफटक होतं, म्हणून साडेचार स्टॉपवर आणली आणि घुमटाला वेगळा पोस्ट प्रोसेस व्हॉल्यूम दिला. या सीनमध्ये मी वास्तव वाकवलं आहे ते एवढ्याच ठिकाणी. सूर्यास्ताचा वेग मात्र खरा ठेवला आहे: एका मिनिटाला चार अंश, म्हणजे सूर्यबिंब बुडायला साधारण आठ सेकंद. बघत उभं राहायला लागतं.

कामगिरीबद्दल थोडक्यात. सेकंदाला ६० फ्रेम हव्यात, म्हणजे एका फ्रेमसाठी हातात १६.६७ मिलिसेकंद. प्रत्येक दिव्याची अटेन्युएशन त्रिज्या, म्हणजे त्याचा उजेड पोहोचतो ते अंतर, त्याच्या तुकड्यापुरती आवळली, झोपायच्या कप्प्यांतल्या वाचनाच्या दिव्यांच्या सावल्या बंद केल्या, आणि सध्या बसतंय.

एक गोष्ट काल रात्रीपर्यंत छळत होती. झोपेच्या अवस्थेत वनस्पतींच्या कक्षाचं दार बंद होताना कॉरिडॉरच्या छतावरची जांभळी पट्टी अरुंद होत जाते. फार सुंदर दिसतं. पण दार लागल्यावरही तिथला बाउन्स अर्धा सेकंद रेंगाळायचा, कारण ल्युमेन आपलं गणित अनेक फ्रेममध्ये वाटून करतं. अपडेटचा वेग वाढवून पाहिला, तर नॉइझ वाढला. शेवटी दाराकडे बघितलं. हवाबंद, जाड, दमट हवा अडवून धरणारं दार, आणि मी ते ०.६ सेकंदांत बंद करत होते! ते १.८ सेकंदांवर नेलं आणि शेवटचा टप्पा आणखी संथ केला. आता पट्टी दाराबरोबरच विझते. दाराच्या आवाजाची फाइल नव्या लांबीची करायची आहे, ते उद्या.