३८ बोऱ्या

टाइलवर पेन्सिलीनं ओढलेली रेघ आणि पाणी यांच्यात बोटभर अंतर पडलं होतं. आदल्या दिवशी दुपारी मी घरमालक काकांना फोनवर सांगितलं होतं: वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी वाहून जायच्या तोंडात, कापडाचा बोळा घट्ट बसवा, त्यावर प्लास्टिक दाबा, दोन इंच पाणी भरा आणि पाण्याच्या काठाशी पेन्सिलीनं खूण करून दार लावून घ्या. सकाळी साडेसातला मी पोचले. बोळ्यातून पाणी पाइपात उतरलं असेल तर ही परीक्षा फुकट जाते, म्हणून आधी मागच्या चेंबरचं झाकण उचललं. पाइपाचं तोंड कोरडं ठणठणीत होतं. मग स्वयंपाकघरात स्टुलावर चढून छताला हात लावला. बरोबर त्या बाथरूमखाली पोळीएवढा ओला डाग होता आणि त्याच्या मधोमध एक थेंब लोंबत होता. त्या बाथरूममध्ये अजून कुणी एकदाही आंघोळ केलेली नव्हती.

मी स्थापत्य अभियंता आहे. नागपुरात अठरा वर्षं जुन्या घरांची दुरुस्ती आणि मूल्यांकन करते. अलीकडे मला येणारे निम्मे फोन अर्धवट सोडलेल्या कामांचे असतात. हे घर मानेवाड्यातलं, १९९४ साली बांधलेलं, खाली-वर दोन मजली. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. काकूंच्या गुडघ्यांमुळे खालचं बाथरूम बदलायचं होतं, आणि वरचा मजला नीट करून भाड्यानं द्यायचा होता. भाड्यातून औषधांचा खर्च निघेल असा त्यांचा हिशेब.

ठेकेदारानं लेटरहेडवर एका पानाचं कोटेशन दिलं होतं. दोन बाथरूम, किचन ओटा, छपाई (म्हणजे प्लास्टर), गच्चीचं वॉटरप्रूफिंग, 'संपूर्ण काम ९,००,०००'. कुठलं काम किती चौरस फूट, कुठला माल, कुठल्या टप्प्याला किती पैसे, यातलं एक अक्षर त्यावर नव्हतं. काकांनी चार हप्त्यांत साडेसहा लाख दिले होते. मी विचारलं, प्रत्येक हप्ता कशावर दिला? त्यांना चारही वेळा नीट आठवत होत्या. एकदा टाइलचे भाव वाढणार होते, एकदा लेबरला होळीला गावी जायचं होतं, एकदा ठेकेदाराच्या घरी लग्न होतं. झालेल्या कामावर दिलेला हप्ता त्यात एकही नव्हता. शेवटचा हप्ता १८ एप्रिलला गेला आणि २० एप्रिलला काम थांबलं.

"तेव्हापासून रोज उद्या-उद्या करून राहिला तो, बेटा," काका म्हणाले. पोलीस ठाण्यातही ते जाऊन आले होते. हा दिवाणी वाद आहे, एवढंच उत्तर मिळालं.

त्या दिवशी २ जून होता, नवतप्याचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांचा, शेवटचा दिवस. आठ वाजताच गच्चीवर पाय ठेववत नव्हता. ठेकेदारानं गच्चीचा जुना कोबा, म्हणजे पाणी अडवणारा वरचा थर, पूर्ण उखडून स्लॅब उघडा टाकला होता. मलबा कोपऱ्यात तसाच. एका ठिकाणी गंजलेली सळई दिसत होती. पाऊस दहा-पंधरा दिवसांवर आलेला आणि ७८० चौरस फूट स्लॅबवर काहीच नाही. पैशांचं काय व्हायचं ते होवो, माझा जीव त्या गच्चीत अडकला. या अवस्थेत एक पावसाळा गेला असता तर वरचा मजला भाड्यानं देण्याजोगा राहिला नसता.

मग मोजणी सुरू केली. टेपचं एक टोक काकांनी धरलं. खोली-खोलीनं मी मापं लिहीत गेले: छपाई किती, भिंतीच्या टाइल किती, नवी वीटभिंत किती, पाइप किती फूट. टाइलवर लाकडी मुठीनं ठोकत गेले. चारांपैकी एक टाइल भद्द वाजत होती, म्हणजे मागे सिमेंट-रेतीचा मसाला पसरलेलाच नाही, गोळे चिकटवून टाइल दाबलेली. समोरच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग होती. आपल्याकडच्या काळ्या मातीतल्या जुन्या घरांना ही भेग ओळखीची आहे. पावसात माती फुगली की मिटते, मे महिन्यात सुकली की उघडते. ठेकेदारानं मार्चमध्ये त्यावरून नुसती छपाई फिरवली होती आणि 'क्रॅक केमिकल' म्हणून १४,००० वेगळे घेतले होते. मेमध्ये ती भेग छपाईसकट उघडली.

सिमेंटची बिलं त्यानं ९० बोऱ्यांची दिली होती. शंभर चौरस फूट छपाईला साधारण एक बोरी लागते. छपाई चौदाशे फुटांच्या आत होती. वीटकाम, टाइल, सगळं धरून माझा आकडा चाळिसाच्या आसपास येत होता. पण हा झाला माझा अंदाज. समोरचा माणूस सहज म्हणेल की मॅडम, वाया जातं, रेती खराब होती, भिंती वाकड्या होत्या.

दहाच्या सुमाराला फाटक वाजलं. बाहेर एक मिस्त्री उभा होता. चाळिशीचा, डोक्याला दुपट्टा बांधलेला, सायकल हातात.

"ठेकेदार फोन नाही उचलून राहिले, मॅडम जी. म्हटलं इथं तरी भेटतीन. माझे सव्वीस दिवसांचे पैसे आहेत त्यांच्याकडे."

काकू आतूनच म्हणाल्या, "त्याचाच माणूस न हा? आता आमच्याकडून घ्यायले आला असन." त्यांचा राग मला समजत होता. दीड महिना घर विटा-मातीत आणि समोर त्याच टोळीतला माणूस. पण ८५० रुपये रोजानं २६ दिवसांचे २२,१०० होतात, आणि तेवढ्यासाठी मानेवाड्याच्या उन्हात सायकल मारत आलेला माणूस ठेकेदाराचा भागीदार नसतो. मी त्याला आत बोलावलं. काकूंनी जरा वेळानं माठातलं पाणी दिलं. तो दोन तांबे प्यायला.

"दिवस सव्वीसच कशावरून?" मी विचारलं.

त्यानं शर्टाच्या खिशातून वही काढली. लाल पुठ्ठ्याची, तळहाताएवढी, घामानं फुगलेली. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्या पानावर २२,१०० हा आकडा लिहून त्याभोवती चौकट आखलेली. मागची पानं मी उलटली. प्रत्येक पानावर तारीख, 'मि १', 'रे २', आणि पुढं 'शि' लिहून आकडा. मि म्हणजे मिस्त्री, रे म्हणजे रेजा, हाताखालची मजूर बाई, शि म्हणजे शिमीट, सिमेंट. ज्या दिवशी जेवढ्या बोऱ्या फोडल्या तेवढ्या. तो सौंसरकडचा, चौथी शिकलेला. बोऱ्या कशाला लिहितोस, विचारलं तर म्हणाला, "उद्या कोणी म्हटलं की मिस्त्रीनं माल विकला, तर माझ्यापाशी काही पाहिजे न जी."

काकांनी टपालात ३५ वर्षं काढलेली. ते एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेले, मी बेरीज करत गेले. ३८ आली. माझी मापं आणि त्याची वही, दोघं एकमेकांना न भेटता एकाच जागी येऊन पोचले होते.

आणि मग ११ मार्चचं पान. तिथं शिमीट नव्हतं. लिहिलं होतं: 'डबा आला. फोटो. डबा गेला.'

"हे काय?"

तो काकांकडे पाहून जरा घुटमळला. "वॉटरप्रूफचा डबा, जी. वरच्या बाथरूमसाठी. साहेबांनी आणला, खड्ड्यात ठेवून फोटो काढला, काकांले पाठवला. सील पण नाही तोडलं. संध्याकाळी गाडीत टाकून घेऊन गेले. मले म्हटलं, मलबा भरून टाइल लाव."

काकांनी मोबाईल काढला. बोटानं वर-वर सरकवत ते ११ मार्चपर्यंत गेले. फोटो होता. वीस लिटरचा पांढरा डबा, मागं बाथरूमचा उघडा सन्क, म्हणजे टाइलखाली पाइपांसाठी सोडलेला खड्डा. खाली ठेकेदाराचा मेसेज, 'वॉटरप्रूफिंग चालू', आणि काकांचं उत्तर, 'छान. धन्यवाद.' मी फोटो मोठा केला. झाकणाची पट्टी अखंड होती. पावणेतीन महिने हा पुरावा त्यांच्याच खिशात होता. झाकण कुठं पाहायचं, हे त्यांना कोण सांगणार?

ट्रॅपजवळची एक टाइल फोडायची परवानगी मी काकूंकडे मागितली. ती फिकट निळी टाइल त्यांनी स्वतः निवडली होती. त्या दारात उभ्या राहिल्या आणि मानेनंच हो म्हणाल्या. मिस्त्रीनं छिन्नी लावली. टाइल निघाली, खालचा मसाला हातानं निघाला, आणि त्याखाली मलबा: जुन्या टाइलचे तुकडे, माती, चुरगळलेली सिमेंटची रिकामी बोरी, खर्ऱ्याच्या पन्न्या. सगळं ओलं गच्च. स्लॅबपर्यंत पोचलो तरी वॉटरप्रूफिंगचा थर म्हणून काही लागलं नाही. प्रत्येक थराला टेप लावून मी फोटो घेतले. काकू बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

झालेल्या कामाची किंमत मी बाजारभावानं काढली. ओढूनताणून ३,१०,००० होत होती. म्हणजे ३,४०,००० रुपये कामाच्या पुढं गेलेले.

ठेकेदारानं माझ्या नंबरवरून फोन लगेच उचलला. मी ओळख सांगितली, आकडे वाचून दाखवले. ३८ बोऱ्या म्हटल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला मधात पडून राहिल्या? आमचं काकांसोबत घरचं आहे. उद्या माणूस पाठवतो." मी म्हटलं, माणूस पाठवायच्या आधी उघडलेल्या सन्कचे फोटो पाहा. ते पाठवले. निळ्या खुणा आल्या. त्या दिवशी पुन्हा फोन आला नाही.

सगळं आवरताना मिस्त्री मला बाजूला म्हणाला, "माझं नाव नका लिहू जी. मजुरांच्या ठिय्यावर सगळे ठेकेदार एकमेकांले ओळखतात. मले काम नाही देणार कोणी." एक क्षण मला मोह झाला. त्याचा जबाब, त्याच्या वहीच्या प्रती जोडल्या असत्या तर अहवाल कितीतरी भक्कम झाला असता. पण ज्याचे पैसे आधीच बुडालेत, त्याची उद्याची रोजीही आपल्या कागदासाठी बुडवायची, हे मला पटलं नाही. मी अहवाल लिहिला तो माझी मापं, उघडलेला सन्क, पाण्याची परीक्षा आणि काकांच्याच मोबाईलमधला अखंड सीलचा फोटो यांवर. ते पुरेसं होतं. वहीनं मला कुठं खणायचं ते दाखवलं होतं, तेवढं काम तिनं केलं.

काकांना मी दोन गोष्टी सांगितल्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे घरबांधणी ही सेवा आहे आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांच्या वर आणि दहा लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाचं शुल्क २०० रुपये आहे. काकांनी दोनदा विचारलं, "दोनशेच?" एवढे दिवस कोर्टाच्या खर्चाच्या धास्तीनंच ते गप्प बसले होते.

दुसरी गोष्ट गच्चीची. ती थांबू शकत नव्हती. मी मिस्त्रीला विचारलं, करशील का? रोज संध्याकाळी रोजी हातात, माल काका स्वतः दुकानातून आणतील, आणि प्रत्येक थर झाकण्याआधी मी येऊन पाहीन. तो काकूंकडे बघायला लागला. काकू म्हणाल्या, "उद्यापासून ये. पाच वाजता दार उघडते मी."

३ तारखेपासून सहा दिवस काम चाललं, पहाटे साडेपाच ते साडेदहा. त्यानंतर स्लॅबवर मसाला ओतला की पाणी उडून जातं. आधी सळईचा गंज घासून ती जागा बुजवली, स्लॅब धुतला, स्लरी मारली, मग आदल्या रात्री भिजत घातलेल्या विटांच्या तुकड्यांचा कोबा, दहा फुटाला सव्वा इंच उतार, पॅरापेटच्या कडेला गोलाई. वरच्या थरावर दोरीनं चौकोन पाडले. शेवटी आळी करून आठवडाभर पाणी भरून ठेवलं. काकू रोज सकाळ-संध्याकाळ खालून छत बघत आणि मला फोन करत, "कोरडं आहे."

१६ जूनला पहिला मोठा पाऊस झाला. त्या रात्री अकराला काकांचा मेसेज आला. छताचा फोटो, खाली काही लिहिलेलं नव्हतं.

वकिलाची नोटीस गेल्यावर ठेकेदारानं दोन वेळा मिळून दीड लाख परत केले. उरलेल्यासाठी प्रकरण आयोगापुढं आहे, तारखा चालू आहेत. वरचं बाथरूम पूर्ण फोडून नव्यानं केलं. निळी टाइल तीच, काकूंनी दुकान शोधून उरलेला लॉट आणला.

मिस्त्रीसाठी मी कामगार कार्यालयाचा अर्ज लिहून दिला होता. त्यानं तो घडी घालून वहीत ठेवला. "तारखेले गेलो की त्या दिवसाची रोजी जाते, मॅडम जी," म्हणाला. मागच्या महिन्यात त्रिमूर्ती नगरच्या एका कामावर तो पुन्हा भेटला. रेजाच्या हजेरीवरून काही बोलणं निघालं म्हणून त्यानं खिशातून वही काढली. नवी होती, निळ्या पुठ्ठ्याची. जुन्या वहीतलं ते एक पान फाडून त्यानं तिच्या पहिल्या पानाला टाचणीनं लावलं होतं. कोपरा अजून दुमडलेलाच होता.