पाण्यानं पाहणं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच आहे: चित्रकलेवरचं फ्रेंच तत्त्वज्ञान मराठीत आणताना तुम्ही इतके साधे, घरातले शब्द का वापरता? त्यानं विचाराचं वजन कमी होत नाही का?

मूळ लेखकाचेच शब्द घरातले आहेत, म्हणून. माझ्या टेबलावर सध्या मोरिस मेर्लो-पाँतीचा ‘डोळा आणि मन’ हा निबंध आहे. १९६० च्या उन्हाळ्यात, दक्षिण फ्रान्समधल्या ल तोलोने गावी त्यानं तो लिहिला. चित्रकार सेझाननं आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवलेला सँत-व्हिक्तुआर डोंगर तिथून जवळच. पुढच्या वर्षी मे महिन्यात मेर्लो-पाँती गेला. त्याच्या हयातीत पुरं झालेलं हे शेवटचं लेखन.

त्याचा एक लाडका शब्द आहे, ‘शेर’. म्हणजे मांस, पण खाटकाकडचं नव्हे. त्याला फ्रेंचमध्ये वेगळा शब्द आहे. ‘शेर’ म्हणजे जिवंत अंगाचं मांस, आणि फळाचा गरसुद्धा. पाहणारा आणि त्याला दिसणारं जग एकाच ऐवजाचे आहेत, हे त्याला या शब्दातून सांगायचं असतं. पहिल्या खर्ड्यात मी ‘देहद्रव्य’ लिहिलं होतं. एका चित्रकार मैत्रिणीला ते वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “हे औषधाच्या बाटलीवर लिहिल्यासारखं वाटतंय.” खरं होतं ते. नुसतं ‘मांस’ म्हटलं की मराठी वाचकाचं मन मांसाहाराकडे जातं, हीही अडचण होतीच. मग आठवलं, फ्रेंच माणूस ‘मांसाहाडांनिशी’ म्हणतो आणि आपण ‘हाडामांसाचा माणूस’ म्हणतो. क्रम तेवढा उलटा. तिथून धागा धरला: निबंधात हा शब्द पहिल्यांदा येतो तिथे ‘हाडामांसातलं मांस’, पुढे नुसतं ‘मांस’. एवढ्यानं वाचक वाटेवर राहतो.

मला सर्वांत प्रिय आहे ते पोहण्याच्या तलावाचं वाक्य. तळाच्या फरश्या मला दिसतात, तो म्हणतो, त्या पाणी आणि त्यातली प्रतिबिंबं असूनही नव्हे, तर त्यांच्यातूनच, त्यांच्याच योगानं. हे ‘योगानं’ मला खुपत होतं. पुस्तकी वाटत होतं. ‘पाण्यामुळे’ लिहिलं तर नुसतं कारण उरतं. आठवडाभर ते वाक्य तसंच पडून होतं. मग एका सकाळी सहज तोंडातून आलं: “पाण्यानं पाहतो.” आपण डोळ्यानं पाहतो, हातानं चाचपतो, तसंच पाण्यानं. आपली तृतीया विभक्ती! तिच्या एका प्रत्ययात पाणी पाहणाऱ्याच्या बाजूला येऊन उभं राहतं. फ्रेंचमध्ये तिथे एक छोटं शब्दयोगी अव्यय आहे, पण आपला ‘नं’ थेट डोळ्याला लागणाराच. मूळ विचार मला त्या दिवशी जास्त कळला, हे मी मनापासून सांगते. जड शब्दात मी अडकले असते तर ही विभक्ती मला दिसलीच नसती.

त्याच परिच्छेदात पुढे तो मान वर करतो. तलावाकाठच्या सायप्रसच्या झाडांवर प्रतिबिंबांचं जाळं हलत असतं. पाणी तलावातच असतं, तरी ते त्या झाडांना भेट देतं, असं तो लिहितो. ‘भेट देतं’ फार समारंभी वाटलं. मी लिहिलंय, “पाणी तिथेही जाऊन येतं.”