प्रतिबिंब नऊ फ्रेम उशिरा

झालं बाबा एकदाचं. २०२० मध्ये लिहून ठेवलेली लोणारची गोष्ट आता सहा मिनिटांचं मोशन कॉमिक झालीये, आणि मी दोन दिवस नुसती झोपलीये.

गोष्ट सुचली ती बातम्यांमुळे. त्या वर्षी जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं होतं आठवतंय? पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुने तपासले तर खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. पण मला चावलं ते वेगळंच, पाणी स्थिर ठेवलं तर ते गुलाबी सगळं तळाशी बसतं आणि वर पाणी एकदम नितळ. म्हणजे ते गेलेलं नाही, खाली बसलंय! तिथून मग माझा रात्रपाळीचा चौकीदार आला, ज्याला एक दिवस लक्षात येतं की पाण्यातलं आपलं प्रतिबिंब जरा उशिरा हलतंय.

कागदावर हे एका ओळीत भागतं. ‘त्याने हात खाली घेतला. पाण्यातल्याने जरा वेळाने घेतला.’ बास, वाचणारा आपला आपण घाबरतो. चित्रात मात्र ‘जरा’ म्हणजे किती ते ठरवावं लागतं, आणि मी अख्खा एक आठवडा त्या एका ‘जरा’वर घालवला.

मोशन कॉमिक म्हणजे पूर्ण ॲनिमेशन नाही. चित्र एकच, पण त्याचे थर वेगळे काढायचे, मागचा डोंगर, मधलं झाड, पुढचा माणूस, आणि कॅमेरा सरकला की प्रत्येक थर वेगळ्या वेगाने सरकवायचा, म्हणजे खोली दिसते. मी क्रिटामध्ये काढलं आणि ब्लेंडरमध्ये हलवलं, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर लोक चित्रकथीत हेच करत आलेत की, पोथीतलं एकेक चित्र पुढे धरायचं आणि गाऊन गोष्ट सांगायची, चित्र हलत नाही पण बघणाऱ्याला हलल्यासारखं वाटतं. असो.

तर प्रतिबिंबाचा थर वेगळा होताच, तो टाइमलाइनवर फक्त मागे ओढायचा होता. फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र, सेकंदाला २४. आधी अख्खा सेकंद उशीर दिला, दादाने बघितलं आणि म्हणाला, ‘तुझा लॅपटॉप हँग झालाय का?’ मग चार फ्रेम केले, कोणालाच काही कळलं नाही. बारा, सहा, दहा असं करत करत नऊवर आले. नऊ फ्रेमला माणसं खुर्चीत जरा सरकून बसतात आणि का ते त्यांना सांगता येत नाही, मला तेच पाहिजे होतं.

दुसरी गोष्ट चुकून कळली. सुरुवातीला मी हौसेने सगळंच हलवत होते, धुकं, फांद्या, चौकीदाराची छाती, अगदी चहाची वाफसुद्धा. एका शॉटमध्ये काठावरच्या बगळ्याला हालचाल द्यायची राहून गेली. एक्स्पोर्ट केल्यावर नजर सारखी त्या बगळ्यावरच! बाकी सगळं श्वास घेतंय आणि तो एकटा नाही. मग शेवटच्या दीड मिनिटात मी एकेक थर बंदच करत नेला, आधी धुकं, मग फांद्या, शेवटी छाती. भुताचं चित्र काढून ठेवलेलं तेही उडवलं, तीन रात्री लागल्या होत्या त्याला, पण दिसलं की ते भोपळ्यासारखंच दिसायचं.

आवाजाचं टेन्शन होतं. ‘वॉचमेन’ या सुपरहिरो कॉमिकवरून २००८ मध्ये आलेल्या मोशन कॉमिकमध्ये बायकांसकट सगळी पात्रं एकाच माणसाने वाचलीयेत, ते ऐकताना कधी कधी फारच विचित्र वाटतं, पण मला त्यातून धीर आला की एक आवाज चालतो. माझे एक काका मेहकरचे, लोणारपासून जवळच. त्यांना फोनवर स्क्रिप्ट वाचायला दिली तर म्हणाले, ‘असं कोन बोलते पोरी?’ मी लिहिलं होतं, ‘तो माझ्याकडे पाहत आहे.’ त्यांनी केलं, ‘माह्याकडं पाहून रायला तो.’ अंगावर काटा आला हो! मग सगळं निवेदन त्यांच्याच तोंडून, पंखा बंद करून, गोधडी डोक्यावर घेऊन रेकॉर्ड केलं, मध्ये दोनदा कुकरच्या शिट्ट्या आल्या.

काल त्यांना फायनल पाठवलं. रात्री फोन आला. ‘सारं मस्त झालं पोरी, पन त्या पान्यात कायतरी गडबड हाये, पाय बरं एकदा.’