खुळखुळ्यापाशी

आमच्या शाळेच्या निसर्ग मंडळाची सहल सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी ठरलेली. ठाणे स्टेशनहून येऊरच्या जंगलाकडे जाणारी बस, डब्यात पुरीभाजी आणि पिशवीत भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही. ठिकाण कधी बदललं नाही, बदलावं असं कुणाला वाटलंही नाही.

बाईंचं एकच सांगणं असे, "फुलपाखरामागे धावू नका. झाड ओळखा, ते आपणहून भेटेल." पहिल्या वर्षी मला ते पटलं नव्हतं. मग पायवाटेकाठच्या खुळखुळ्यापाशी त्यांनी आम्हाला उकिडवं बसवलं. झुडूप पिवळ्या फुलांनी भरलेलं, पण फुलांवर कुणीच नाही! दहा-बारा ब्लू टायगर फुलपाखरं एका मोडून सुकत आलेल्या फांदीला लगडली होती. पायांनी पान खरवडायचं, तिथेच सोंड टेकवायची. "बहुतेक सगळे नर आहेत हं," बाई हळूच म्हणाल्या. त्या रसातल्या द्रव्यापासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. मधासाठी नव्हे, अत्तराच्या सामानासाठी आलेले होते ते! शेजारच्या शेंगेला बारीक भोक होतं. आत पी ब्लू फुलपाखराची अळी कोवळ्या बिया खात होती. एका झुडपाशी आमचा पाऊण तास गेला. सोनकी, तेरडा, कवला त्या वर्षी चालता चालताच वहीत उतरले.

कारवी मी 2008 साली सहावीत असताना पाहिली. आठ वर्षांनी एकदा फुलणारी ती, म्हणून 2016 ला कॉलेजला दांडी मारून आदल्या दिवशीच येऊर गाठलं. जांभळा डोंगर आणि मधमाश्यांचा घुमणारा आवाज. बोलायचं कुणाला सुचतच नव्हतं.

2024 च्या कारवीला भाचीला घेऊन गेले. बाई आता चढण चढत नाहीत, खालीच घोळीच्या वाफ्याशी बसल्या होत्या. एक केशरी फुलपाखरू घोळीभोवती घुटमळत होतं. "प्लेन टायगर!" मी म्हटलं. बाई भाचीकडे वळल्या, "मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोज गं. तीन-चार असले तर मावशीचं बरोबर."

भाची श्वास रोखून वाकली.

"आजी, एकच आहे!"

"मग ती डॅनेड एगफ्लायची मादी. टायगरचं सोंग घेऊन अंडी घालायला आलीय. लिही वहीत, तारखेसकट."