पाहुण्यांचं केळं

बँकॉकमध्ये नांग लोएंग नावाची जुनी वस्ती आहे. तिथला बाजार 1900 सालचा, राजा चुलालोंगकॉर्नच्या काळातला. पण या वस्तीचं नाव निघालं की बँकॉककरांना आधी तळलेली केळी आठवतात. मी गेलो तेव्हा रंगीत ॲप्रन बांधलेले विक्रेते सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमधून कागदी पिशव्या घेऊन फिरायचे, आणि ॲप्रनच्या रंगावरून दुकान ओळखायचं. आमच्या टॅक्सीची काच खाली झाली, नोट बाहेर गेली, गरम पिशवी आत आली. सिग्नल सुटायच्या आत सगळा व्यवहार पूर्ण.

सोबतच्या थाई सहकाऱ्याला मी नाव विचारलं. "क्लुआय खॅक," तो म्हणाला आणि जरा संकोचून हसला, "म्हणजे तुमचं केळं."

क्लुआय म्हणजे केळं. खॅक म्हणजे पाहुणा. पण हाच शब्द भारतीय, मलय, अरब अशा पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून आलेल्या सगळ्यांना सरसकट लावतात. पिठात बुडवून तळायची रीत भारतीयांकडून आली, म्हणून हे नाव, असं सांगतात. आपल्याकडे खेड्यात अनोळखी माणसाला "कोण गावचं पाव्हणं?" म्हणून हाक मारतात, त्याच चालीवर मला हा शब्द आवडून गेला. साप आणि खॅक एकदम दिसले तर आधी खॅकला हाणा, अशीही एक म्हण तिकडे आहे, हे मला पुढे कळलं. सहकाऱ्याचा संकोच तेव्हा उलगडला. आपण तरी काय, तिसऱ्या दिवशी राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढतोच की.

पिशवीतल्या वस्तूत 'आमचं' काय, ते मी शोधू लागलो. घरी केळ्याची भजी होतात ती बहुधा नाइलाजाने. सत्यनारायणाची उरलेली केळी काळी पडली, शिकरण खाऊन सगळे कंटाळले, की कणीक आणि गूळ घालून गुलगुले. इथे मामला उलटा. केळं 'नाम वा' जातीचं, आखूड, कडांचं, किंचित आंबूस. तेही धड कच्चं नाही, धड पिकलेलं नाही. आंब्याला आपण पाडाचा म्हणतो, चिंचेला गाभुळलेली म्हणतो, तेच ते वय. त्याचे उभे पातळ काप करायचे. पीठ तांदळाचं, त्यात खवलेला नारळ, पांढरे तीळ, साखर, मीठ. एवढं ऐकून कोकणातल्या कुठल्याही घरी "आमचंच आहे" म्हणतील.

पण पीठ भिजवायचं ते चुन्याच्या निवळीत! ही निवळी मला फक्त आजीमुळे माहीत. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. ते कोहळ्याच्या पेठ्यासाठी किंवा तान्ह्या बाळासाठी. थायलंडचा चुना गुलाबी-लाल असतो, कारण त्यात हळद घालतात, आणि चुना लागला की हळद लाल होते. आपलं कुंकू याच हिशेबाने होतं. तोही मुळात विड्याच्या पानाचाच चुना. विडा खायची सवय तिकडे 1940च्या दशकात सरकारने आधुनिकतेच्या नावाखाली मोडून काढायला घेतली. पण चुना भज्यांच्या पिठात शिरून बचावला. वरचं कवच तासाभरानेही कुरकुरीत राहतं ते त्याच्याच जिवावर. सिग्नलवर विकायच्या पदार्थाला एवढा दम हवाच.

नावांचा घोळ एकदा लक्षात आला की डोक्यातून जात नाही. आपण जिला फ्रेंचांच्या नावाने फरसबी म्हणतो, तिला थाई लोक 'थुआ खॅक' म्हणतात, म्हणजे आपली शेंग! गोरा माणूस तिकडे 'फरांग', आपल्या फिरंग्याचा भाऊ, आणि पेरूलाही फरांगच म्हणतात. आपली विलायती चिंच तिकडे 'माखाम थेट'. यातला 'थेट' म्हणजे संस्कृतातला 'देश', पण अर्थ परदेशी. आपला देशी तिकडे जाऊन विलायती झाला. टोकियोच्या नावाची एक गुंडाळी तिथे रस्तोरस्ती विकतात, तिचा टोकियोशी काही संबंध नाही. मी हसायला लागलो आणि आपली चायनीज भेळ आठवून थांबलो.

पुण्यात परतल्यावर मी हा घाट घरी घालायचा ठरवला. पानवाल्याकडे नुसता चुना मागितला. "पान नको? मग चुना कुणाला लावताय?" असं तो मोठ्याने म्हणाला. टपरीवरचे चार लोक हसले.

पहिला घाणा फसला. बाजारातलं पिवळंधमक केळं तेलात पडताच विरघळायला लागलं आणि झाऱ्यावर नुसती पिठाची टरफलं आली. दुसऱ्या वेळी राजेळी मिळवली, वसईकर जिची सुकेळी करतात ती. ती ठाम राहिली. 'नाम वा'चा आंबूसपणा तिच्यात नाही, ती जरा जास्तच गोड, पण कवच वाजलं. चुन्याचा वास येतो म्हणून बायकोने आधी नाक मुरडलं आणि मग उभ्या उभ्या सहा खाल्ली.

वाटीभर शेजारच्या काकूंकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, रीत म्हणून आत चार खोबऱ्याच्या वड्या.

"छान होती हो तुमची थाई भजी," काकू म्हणाल्या.