दाबून बघ, मग ओढून बघ

सोमवार, रात्री दहा

आज अम्युझमेंट पार्कमध्ये राइडवरच्या कामाचं जॉइनिंग झालं. पहाटे साडेचारला उठले, परळला स्लो लोकल धरली, सायनला उतरले आणि तिथून कंपनीची बस. बसमध्ये आम्ही नवे सतरा जण होतो, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक फाइल. माझ्या फाइलवर आईने निघताना हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. ते मी तसंच राहू दिलं.

पहिले दोन तास कागदांत गेले. ज्यांची ही पहिलीच नोकरी असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवते. आधार, पॅन, मार्कशीट, रद्द केलेला चेक किंवा पासबुकाची झेरॉक्स, आठ-दहा पासपोर्ट फोटो आणि डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आदल्या रात्रीच एका जागी लावून ठेवा. पीएफसाठी फॉर्म ११ भरून घेतात. यूएएन नंबर (पीएफचा कायमचा क्रमांक) एकदा मिळाला की नोकरी बदलली तरी तोच राहतो, म्हणून तो घरी एखाद्या वहीत लिहून ठेवावा. नॉमिनीच्या रकान्यात मी आईचं नाव घातलं. पगार २१,००० रुपयांच्या आत असेल तर ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं. त्यात आपल्या पगारातून ०.७५ टक्के कापतात आणि कंपनी ३.२५ टक्के भरते. शेजारच्या मुलाला ती कपात नको होती. एचआरच्या मॅडम त्याला म्हणाल्या, "घरी आईवडील आहेत ना? त्यांच्या औषधपाण्यालाही हे चालतं." तो गप्प झाला आणि त्याने सही केली.

नंतर महिलांच्या सुरक्षेच्या २०१३च्या कायद्याविषयी सांगितलं. तक्रार कुणाकडे करायची, ती लेखी आणि तीन महिन्यांच्या आत द्यायची, वगैरे. अंतर्गत समितीच्या अध्यक्ष बाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या, नाव सांगितलं, नंबर दिला. भिंतीवर पोस्टर लावून मोकळं होण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मग पार्क दाखवलं. अजून गेट उघडायचं होतं. रिकामं पार्क मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. एक काका रबरी पाइपने फरशी धूत होते, उपाहारगृहातून तेल तापल्याचा वास येत होता आणि वर उंचावर रोलर कोस्टरची गाडी एकही माणूस न घेता फिरत होती. चढावर तिचा टक टक टक आवाज यायचा. आमचे ट्रेनर (त्यांना इथे लहानथोर सगळेच दादा म्हणतात) थांबले आणि म्हणाले, "हा आवाज कसला आहे?" कुणी म्हणालं साखळीचा. दादा म्हणाले, साखळीचा नव्हे. गाडीच्या पोटाखाली एक खटका असतो, तो रुळामधल्या दातऱ्यावरून एकेक दात ओलांडत जातो. साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून. लोक ज्या आवाजाने घाबरून डोळे मिटतात, तो आवाज त्यांना धरून ठेवणाऱ्या वस्तूचा आहे.

हे ऐकून मी तिथेच दोन मिनिटं उभी राहिले.

रोज सकाळी मेकॅनिक रूळ, चाकं, बोल्ट बघतात, मग गाड्या रिकाम्या फिरतात, मग चेकलिस्टवर सह्या होतात आणि त्यानंतरच राइड ऑपरेटरच्या ताब्यात येते. चाकंही एका नव्हे, तीन जागी असतात: रुळावरून धावणारी, बाजूने धरणारी आणि रुळाच्या खालून पकडणारी. खालच्या चाकांमुळे गाडी रूळ सोडून वर उचलली जात नाही.

दुपारी वर्गात डिस्नीलँडची गोष्ट सांगितली. १७ जुलै १९५५, रविवार, कॅलिफोर्नियातलं अ‍ॅनाहाइम. निमंत्रितांसाठीचा पहिला दिवस. खोटी तिकिटं सुटल्यामुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आत शिरले, नुकतंच टाकलेलं डांबर उन्हाने मऊ पडलं आणि बायकांच्या टाचा त्यात रुतल्या, प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. त्याच डिस्नीने पुढे नोकरांना शिकवायची पद्धत बसवली. तिथे कर्मचाऱ्याला कलाकार मंडळींतला एक मानतात, पाहुण्यांच्या समोरचा भाग म्हणजे रंगमंच आणि मागचा भाग म्हणजे विंग. कामाचा क्रमही कित्येक वर्षं ठरलेला होता: आधी सुरक्षा, मग आदब, मग देखावा आणि शेवटी कामाचा झपाटा. दादांनी हे चार शब्द फळ्यावर लिहिले आणि खालच्या तिघांवर हात ठेवून झाकले. "गडबडीत काही सुचलं नाही तर उरतो तो एकच शब्द वाचायचा."

मंगळवार, रात्री साडेनऊ

आज नवे बूट चावले. पहिल्या दिवसापासून दोन जोड मोजे न्या, हा माझा सल्ला.

सकाळी मी एक प्रश्न विचारला. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबईची वीज गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. तसं झालं आणि कोस्टरची गाडी वर असली तर? मला वाटलं दादा हसतील. त्यांनी उलट सगळ्यांना प्लॅटफॉर्मवर नेलं आणि ब्रेक दाखवले. इथले ब्रेक हवेच्या दाबाने उघडे धरलेले असतात. वीज गेली, दाब सुटला की ते आपोआप मिटतात. काही ठिकाणी चुंबकाचे ब्रेक आहेत, त्यांना तर विजेची गरजच नाही. म्हणजे सगळं बंद पडलं तर गाडी थांबते, आणि थांबण्याच्या जागाही आधीच ठरलेल्या आहेत. रूळ भागांत वाटलेला असतो, एका भागात एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी निघून गेली नाही तर मागची त्या भागात शिरूच शकत नाही. मग आम्ही जिन्याने वर जाऊन माणसं खाली आणायची. तेही उद्या-परवा शिकवणार आहेत.

दुसरी गोष्ट कुलपांची. राइडखाली कुणी दुरुस्तीला उतरणार असेल तर मेन स्विच बंद करून त्यावर तो स्वतःचं कुलूप लावतो आणि फोटोचा टॅग अडकवतो. पाच जण उतरले तर पाच कुलपं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, चावी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, मॅनेजरच्याही नाही. एका स्विचवर चार कुलपं लटकत होती. मला ती चार माणसं खाली काम करताना दिसलीसुद्धा नाहीत, तरी त्या कुलपांकडे बघून ती तिथे आहेत हे अगदी अंगावर आलं.

दुपारी दांडी तपासायला शिकवलं. मांडीवर येणारी ती दांडी, लॅप बार. आधी खाली दाबून बघ, मग वर ओढून बघ. दोन्ही, प्रत्येक सीटला, प्रत्येक फेरीला. डोळ्यांनी बघून "लागलीय" म्हणायचं नाही, हाताला कळलं पाहिजे. मग अंगठा वर. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाने आणि पॅनेलवरच्या माणसाने दोघांनी बटण दाबल्याशिवाय गाडी सुटत नाही. एकालाही शंका असली तर त्याने हात उचलायचा, आणि हात का उचलला म्हणून त्याला कुणीही रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य दादांनी दोनदा सांगितलं. आम्ही एकमेकांना बसवून चाळीस-चाळीस वेळा सराव केला. माझे तळवे अजून हुळहुळतायत.

आणि उंचीची पट्टी. आमच्या एका राइडला १२० सेंमी लागतात, दुसरीला १४०. लोकांना वाटतं हा वयाचा किंवा धिटाईचा प्रश्न आहे. तसं नाही. दांडी ठरावीक बांध्याच्या माणसाला धरायला बनवलेली असते. मूल लहान असलं तर मांडी आणि कंबर तिच्या पकडीत नीट बसत नाही, पाय टेकत नाहीत, आणि झटका बसला की ते खालून सरकू शकतं. शेजारी दणकट बाप बसला असला तरी त्या वेगात त्याचे हात पुरे पडत नाहीत.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी प्रभादेवीला वाढले. पौष पौर्णिमेला देवीची जत्रा लागली की आमच्या वाडीतली पोरं शाळेतून थेट तिकडेच. मालवणी खाजा, बांगड्या, आकाशपाळणा. माझं पाळण्याचं वेड तिथलं. पण ती गोष्ट घडली मामाच्या गावाकडच्या एका जत्रेत. मी पाच वर्षांची असेन. पाळणेवाल्याने मला बाबांशेजारी बसवलं, पुढे लोखंडी दांडी टाकली, ती दोन्ही बाजूंच्या खाचांत नुसती ठेवलेली होती. वर पोचल्यावर पाळणा झुलला आणि दांडीची एक बाजू निसटली. मी पुढे गेले. मला आठवतो तो फक्त खालचा बत्त्यांचा झगमगाट आणि पाठीत बसलेली हिसक्याची कळ. बाबांनी मागून माझा फ्रॉक धरला होता. खाली उतरल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि आईला काही सांगू नको म्हणाले. आज अठरा-एकोणीस वर्षं झाली, आम्ही दोघांनी त्यावर एक शब्द काढलेला नाही. त्या पाळणेवाल्याचा मला राग नाही येत. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण "ही लहान आहे, हिला नाही बसवणार" एवढं म्हणायला तिथे कुणीतरी हवं होतं.

बुधवार, रात्री अकरा

आज गर्दीचा पाठ होता आणि मला तो जड गेला.

रांगेचे कठडे नागमोडी का असतात, रांग मध्ये का तोडतात, बाहेर पडायचा दरवाजा बाहेरच्या बाजूला का उघडतो, हे सगळं सांगत होते. मग दादांनी विचारलं, गर्दीत सगळ्यात धोकादायक काय? मी हात वर केला आणि म्हणाले, अफवा. २९ सप्टेंबर २०१७. मी तेव्हा अकरावीला होते, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पूल माझ्या रोजच्या वाटेवरचा. सकाळी जोराचा पाऊस आला, लोक जिन्यावर आडोशाला थांबले, मागून माणसं येतच राहिली. फूल पडलं असं कुणी म्हणालं आणि ते पूल पडला असं ऐकू गेलं, असं तेव्हा छापून आलं होतं. चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. पुढे कितीतरी दिवस आई मला स्टेशनपर्यंत सोडायला यायची.

वर्गात कुणी बोललं नाही. दादांनी फक्त मान हलवली आणि माइकवर कसं बोलायचं ते शिकवलं. छोटी वाक्यं, तीच तीच दोनदा. "पळू नका" म्हणायचं नाही, कारण लोकांच्या कानात "पळा" एवढंच शिरतं. म्हणायचं, "सावकाश चाला, डावीकडून." वीज चमकली की उघड्यावरच्या राइड बंद, पाऊस थांबून ऊन पडलं तरी वरून निरोप आल्याशिवाय सुरू नाही. वाट दाखवताना एक बोट रोखायचं नाही, पूर्ण हात उघडून दाखवायची. गरोदर बाईला सगळ्यांसमोर विचारायचं नाही, सूचना सर्वांना द्यायची आणि ती आपणहून बाजूला झाली तर तिला बसायला खुर्ची द्यायची. ओढणी, मंगळसूत्र, लांब वेणी आत घ्यायला सांगायची. गो-कार्टवर तर ओढणी आणि मोकळे केस चाकात जाऊन माणसं दगावली आहेत, तिथे हेल्मेटखाली केस बांधल्याशिवाय बसूच द्यायचं नाही.

संध्याकाळी पहिल्यांदा खऱ्या पाहुण्यांसमोर उभी केली, उंचीच्या पट्टीपाशी, एका जुन्या सहकारी ताईच्या हाताखाली. तासाभरात सात मुलांना नाही म्हणाले. एक आजोबा चिडले, तिकिटाचे पूर्ण पैसे घेतलेत म्हणाले, आणि त्यांचं पैशांविषयीचं म्हणणं मला पटतही होतं. ताईने त्यांच्याशी वाद घातला नाही. खाली वाकून नातवाला विचारलं, "चप्पल काढून परत मोजू या?" परत मोजलं, ११६ भरले. मग तिने त्यालाच पट्टीवरची रेघ दाखवली आणि दुसऱ्या कुठल्या तीन राइड त्याच्या मापाच्या आहेत ते मोजून सांगितलं. मुलगा आजोबांचं बोट ओढत निघालाही. आजोबा वळून वळून बघत होते. माझ्या घशात काहीतरी अडकलं होतं, ताईला ते दिसलं असावं. ती म्हणाली, "रडलेलं पोर रात्री घरी जाऊन जेवतं गं."

घरी पोचायला पावणेदहा झाले. आई भाकरी टाकत होती. बाबांनी विचारलं, काय काय शिकवतात. मी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, लाटणं मांडीवर आडवं धरलं आणि दाखवलं: हे असं दाबायचं, हे असं ओढायचं, मग पुढची सीट. ते बराच वेळ लाटण्याकडे बघत राहिले.

"परत दाखव," म्हणाले.

मी परत दाखवलं. त्यांनी दोन्ही हातांनी लाटणं वर ओढून पाहिलं, मी सोडलं नाही. मग खाली बघूनच म्हणाले, "माझ्या हातात नुसता पट्टा आला होता तुझ्या फ्रॉकचा. शिवण निम्मी उसवली होती."

आईने तव्यावरून मान वर केली. "कुठला फ्रॉक?"